दोघींनीही न पाहिलेली

टॅब पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळताना माझ्या अंगठ्याने त्याचा पडदा उजळला. पडद्यावर बर्फ होतं. बर्फात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी, तिच्या दाराला झडपा, आणि पेटीसमोर कानटोपी घातलेला एक म्हातारा. त्याच्या हातात फडकं होतं.

मी गुंडाळायची थांबले. तो म्हातारा आता काय करणार हे मला माहीत होतं. पेटीतल्या तापमापकाचा पारा कधीचा अडकून बसला आहे, त्याचे आकडे आता कुणी मागत नाही, तरी तो रोज सकाळी टेकडी चढून येतो, आधी काच पुसतो आणि मग वाकून बघतो.

"काच पुसतो तो भाग," मी म्हटलं.

पलंगाच्या कडेवर शाल लपेटून बसलेल्या बाईंनी सावकाश मान वळवली. त्या दिवसांत त्यांचं सगळंच सावकाश चाललं होतं. डोळ्यांची उघडझापसुद्धा.

"तू बघतेस असलं?" त्यांनी विचारलं. त्याआधी त्या मला मॅडम म्हणत होत्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. फिजिक्समध्ये एमएस्सी आणि त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून मी कोल्हापूरच्या एका कॅन्सर रुग्णालयात नुकती उमेदवारी करू लागले होते. हातात एक मीटर, कोटाच्या खिशाला किरणांची मोजदाद ठेवणारा बिल्ला, आणि वर आठल्येसर. थायरॉइडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली की गळ्यात काही पेशी उरतात. त्या मारायला किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल देतात. कॅप्सूल गिळली की माणूस स्वतःच किरण फेकू लागतो. म्हणून त्याला जाड भिंतींच्या, शिशाचं दार असलेल्या खोलीत काही दिवस एकटं ठेवायचं. नर्सनेसुद्धा कामापुरतं दारात यायचं. रोज माझ्या मीटरचा काटा किती खाली आला ते बघायचं, आणि तो ठरलेल्या रेषेखाली गेला की दार उघडायचं. आत जाणारी प्रत्येक वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळावी लागे, नाहीतर घामाचा हात लागून ती वस्तूही खोलीतच अडकून पडे.

या बाई म्हणजे सुनेत्रा आरोलकर. शिरोड्याच्या. शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. त्यांचे यजमान उदय होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि आत्ता ते खोलीबाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसले होते. सुनेत्राकाकू याआधीही एकदा इथवर आल्या होत्या. पावसाळ्याआधी. सगळी तयारी झाली, कॅप्सूल मुंबईहून आली, आणि ऐन वेळी त्यांनी पिशवी उचलली आणि घरी निघून गेल्या. तेव्हा मी इथे नव्हते. आठल्येसरांनी मला सांगितलं ते एवढंच, की पेशंट बंद दाराला घाबरते, डॉक्टरांच्या मते आता आणखी थांबणं बरं नाही, आणि हे औषध रोज थोडं थोडं विरत जातं, ते कुणाची वाट बघत नाही.

"तू बोल तिच्याशी," सर म्हणाले. "आमच्याकडून सगळं सांगून झालं."

परत एकदा तयारी करायची म्हणजे पुन्हा कित्येक आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद. गोळ्या बंद केल्या की अंग थंड पडतं, आवाज जड होतो, विचार पाण्याखालून चालल्यासारखे चालतात. शिवाय आयोडीन टाळायचं म्हणून मासे बंद, नेहमीचं मीठ बंद. शिरोड्याच्या माणसाला मासे सोडायला लावणं हा मूळ आजारापेक्षा मोठा आजार, असं उदयकाका सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते. कुणी हसलं की तेही हसत आणि मग बाकावरच्या पिशव्यांची जागा बदलत.

तर त्या सकाळी, प्लास्टिक फिल्मचा रोल मांडीवर घेऊन, मी सुनेत्राकाकूंना विचारलं की त्या ॲनिमेकडे कशा वळल्या. माझ्या ओळखीत त्यांच्या वयाचं कुणी जपानी चित्रमालिका बघत नव्हतं. माझ्या वयाचे बघत, पण त्यांना मारामारी हवी असे. हॉस्टेलमध्ये मी मैत्रिणींना पुष्कळ मालिका सुचवल्या होत्या. त्या दोन भाग बघून म्हणत, अगं, यात कुणी काहीच करत नाही.

काकूंनी सांगितलं, आणि सांगायला त्यांना वेळ लागला. त्यांचा मुलगा गौरेश मर्चंट नेव्हीत गेला तेव्हा जुना टॅब घरी टाकून गेला. जहाजावर नेटवर्क नसे, महिना महिना आवाज ऐकू येत नसे. म्हणून त्या त्याचा टॅब उघडून तो काय बघायचा ते बघू लागल्या. तलवारी, राक्षस, केस पिंजारलेली पोरं. त्यातलं काही कळलं नाही. पण त्यातच कुठेतरी एक मालिका निघाली ज्यात एक बाई अर्धा भागभर भात शिजवत होती.

"पाणी किती घातलं ते सुद्धा दाखवलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, ही माणसं शहाणी आहेत."

मग आम्ही दोघी लागलोच. काचेच्या लहान घंटा फुंकून बनवणारी मुलगी बघितलीय का? बघितलीय, तिची आई घंटा वाजली की दर वेळी खिडकीकडे बघते. बंद पडलेल्या स्टेशनावर रोज गाडीची वेळ पुकारणारा? बघितलाय, तो कुत्रा कुणाचा ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. मी एक नाव घ्यावं आणि त्यांनी त्यातला नेमका तोच क्षण काढावा जो मला वर्षभर पुरला होता. मी प्रयोगशाळेत वाढलेली मुलगी. दोन वेगळ्या मीटरांनी एकच आकडा दाखवला की मला फार बरं वाटतं. दाराच्या लहान खिडकीत शिशाची काच होती. ती काच पिवळसर असते, तिच्यातून आत बघितलं की खोलीत कायम दुपार कलंडलेली दिसते. मी आतून बाहेर बघत होते, तर कॉरिडॉरही तसाच दिसत होता, आणि त्यात उदयकाका मधाच्या रंगाचे होऊन बसले होते.

काकू वाचायला वेळ घेत. खालचं इंग्रजी भाषांतर त्या थांबवून थांबवून वाचत, त्यामुळे एक भाग त्यांना दुपारभर पुरे. मी मनात हिशेब केला. आत राहायच्या दिवसांना पुरेल अशी एकच चांगली मालिका हवी. त्यांनी न बघितलेली.

शेवटी एक सापडली. बेटाबेटांमधून होडीने टपाल पोचवणाऱ्या मुलीची. काकूंनी ती बघितली नव्हती. त्यांचा चेहरा पहिल्यांदा थोडा हलला.

मी सांगू लागले. समुद्र कसा रंगवलाय, वल्ह्याचा आवाज कसा वेगवेगळ्या पाण्यात वेगळा येतो. तिसऱ्या भागात एक पत्र येतं आणि पत्ता असलेलं बेटच भरतीत बुडालेलं असतं. काकू ऐकत होत्या. मग मला वाटलं, जरा उदासच वाटतंय हे, उगाच घाबरतील. म्हणून मी म्हटलं, "पण काळजी करू नका. शेवट चांगला आहे. सगळं नीट होतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या मांडीवरचा टॅब उचलला, मी अर्धवट गुंडाळलेली फिल्म नखाने सोलून काढली, तिची घडी केली आणि उशीवर ठेवली. शाल खांद्यावर घेतली. दारात जाऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माका घराक व्हर."

उदयकाका उभे राहिले. "आता आणि काय झाला?"

त्या सावकाश चालत कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या. तिथे एक साधी खिडकी होती, साध्या काचेची, तिच्याखालच्या कट्ट्यावर बसल्या.

पुढचा थोडा वेळ सगळ्यांच्या हळू आवाजातल्या बोलण्यात गेला. काकूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शहापुरे आल्या, त्या उदयकाकांना बाजूला घेऊन समजावू लागल्या. उदयकाका मान हलवत होते आणि म्हणत होते, मला नका सांगू, मला पटलंय. आठल्येसर शिशाच्या जाड डबीपाशी उभे होते. डबी स्टीलच्या टेबलावर होती, आणि तिच्यात ती कॅप्सूल.

"काय बोललीस तिला?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं की ॲनिमे सुचवत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या विषयावर त्यांच्याकडे प्रश्न नव्हता.

मी जाऊन काकूंच्या शेजारी कट्ट्यावर बसले. खिडकीबाहेर रुग्णालयाचं मागचं अंगण होतं, दोरीवर हिरवे कपडे वाळत होते. वारा अगदी थोडा होता. एक गाऊन हलायचा, थांबायचा, मग पलीकडचा हलायचा. काकू ते बघत होत्या. मीही बघत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या गाऊनांचा क्रम लावावासा वाटत होता.

"दाराची भीती वाटते का?" मी शेवटी विचारलं.

"दाराची?" काकू म्हणाल्या. "मी चक्रीवादळात दोन दिवस दार लावून एकटी बसलेय गो. हे देवगडला अडकलेले. दाराचं काय."

"मग?"

एक गाऊन दोरीवर पूर्ण फुगला आणि परत पडला.

"गाठ निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा चांगल्यातला कॅन्सर. चांगल्यातला. मग ऑपरेशनवाले म्हणाले, काही नसतं यात. शेजारीण म्हणाली, माझ्या मामेसासूला झालेला, ठणठणीत आहे. गौरेशने फोन केला कुठल्या बंदरातून, तो म्हणतो, आई, मी सगळं वाचलंय, शंभरातले किती जगतात ते सांगू का? मी म्हटलं नको, तरी सांगितलंन. सिस्टर म्हणते असं होईल, मग तसं होईल, मग घरी जाल. मागच्या वेळी तुमचे ते सर कॅप्सूलची डबी हातात घेऊन म्हणाले, शेवटी सगळं व्यवस्थित होतं."

त्या थांबल्या. आवाज जड झाला होता, तो औषध बंद असल्यामुळे की दुसऱ्या कशाने, ते मला मोजता आलं नसतं.

"तुम्ही सगळे पुढचे भाग बघून आलेली माणसं आहात," त्या म्हणाल्या. "मी एकटीच पहिल्यांदा बघतेय. आणि मी घाबरले की तुम्ही हसता. वाईट हसत नाही, प्रेमाने हसता. शेवट माहीत असलेला माणूस हसतो ना, तसं. मग मी भ्यायचं कुणाबरोबर?"

कपडे काढायला एक मावशी अंगणात आल्या आणि गाऊन एकेक करून खांद्यावर टाकू लागल्या.

"तू ती टपालवाली सांगितलीस. छानच असणार. आपलं जुळतं," काकू म्हणाल्या. "पण तू बघितलेली नको मला. तू न बघितलेली सांग."

मला हे पटकन कळलं नाही. मी म्हटलं, न बघितलेली मी कशी सुचवणार? चांगली की वाईट ते कळायला नको? मी बघितल्याशिवाय कुणाला काही सुचवत नाही.

"वाईट निघाली तर दोघी मिळून शिव्या घालू."

"दोघी?"

"म्हणजे काय, मी एकटी बघू?"

खोलीच्या भिंतीबाहेर एक बाक होता. खोलीत बोलायला इंटरकॉम होता. माझ्याकडे फोन होता. मी हे सगळं मनात एका ओळीत मांडलं आणि मला त्यात काही चूक सापडली नाही.

ऑफिसच्या वायफायवर आम्ही शोधलं. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. जिथे म्हणून मी "ही मी बघितलीय" म्हणे, तिथे त्या बोटाने पुढे सरकवत. शेवटी एका चित्रापाशी त्यांचं बोट थांबलं. नाव जपानीत, आम्हा दोघींना न वाचता येणारं. चित्रात क्षितिजापर्यंत पांढरं सपाट मैदान, त्यात लांब दांड्याचं लाकडी फावडं धरून उभी असलेली एक बाई, मागे फिकट आकाश. खाली वर्णन होतं, ते मी वाचायला लागले तर काकूंनी त्यावर तळहात ठेवला.

"बर्फ आहे," मी म्हटलं.

"असेल."

मी ती दोन्हीकडे उतरवून घेतली, त्यांच्या टॅबवर आणि माझ्या फोनवर. मग टॅब पुन्हा गुंडाळला. या वेळी काकूंनी कडा धरून ठेवल्या, सुरकुती पडू नये म्हणून. शिवणकामाचा हात होता.

खोलीत जाण्याआधी त्या नवऱ्यापाशी थांबल्या. काही बोलल्या ते मी ऐकलं नाही. उदयकाकांनी त्यांच्या शालीचा पदर उगाच नीट केला. मग काकू टेबलापाशी आल्या. आठल्येसरांनी डबीचं झाकण काढलं, कॅप्सूल लहान कपात पडल्याचा अगदी हलका आवाज आला. सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ते बोलायचे राहिले. काकूंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या, आणि आम्ही सगळे मागे सरलो, कारण आता मागे सरायचंच होतं. दार बंद झालं. ते दार फार जड होतं आणि त्याचा आवाज अजिबात येत नसे.

मी मीटर घेऊन बाहेरच्या बाकाशी गेले, भिंतीला टेकवून धरलं. काटा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी जितका हलतो तितकाच हलत होता, म्हणजे भिंतीतून किरण बाहेर येत नव्हते. मी तो सरांना दाखवला. त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं.

"बाकावर बसायला मनाई नाही," ते म्हणाले. "ड्यूटी सोडून."

जेवणाच्या सुट्टीत मी डबा मांडीवर घेऊन भिंतीला पाठ लावून बसले. काकूंचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. इंटरकॉमचं बटण दाबलं.

"लावू?"

"लाव."

दोघींनी एकदमच लावलं, तरी त्यांच्या टॅबचा आवाज इंटरकॉममधून येईपर्यंत जरासा मागे पडे. त्यामुळे प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येई. एकदा कानात, मग भिंतीकडून. वारा सुटायचा आणि पुन्हा सुटायचा. ती बाई हाक मारायची, आणि मग कुठूनतरी लांबून तीच हाक. मध्येच काकू म्हणत, थांब. मी थांबवी. भिंतीपलीकडे त्या खालची ओळ वाचत असत, अक्षर अक्षर. मग म्हणत, चल. समोर उदयकाका डुलक्या घेत होते. थांबलेल्या चित्रातली ती पांढरी जमीन माझ्या हातात तशीच राहायची, आणि दुपार तिच्याभोवती तशीच थांबलेली असे.

पहिला भाग संपत आला तेव्हा त्या बाईने फावड्याने पांढऱ्याचा ढीग ओढला, आणि ढिगाच्या कडेने पाणी पाझरलं.

"थांब," काकू म्हणाल्या.

मी थांबवलं. खाली वाचायला काहीच नव्हतं.

"हे बर्फ नाही गो," त्या म्हणाल्या. "हे मीठ आहे. मिठागर आहे हे."

मी चित्र जवळ घेऊन बघितलं. लहान लहान चौकोन, मध्ये मातीचे बांध. बर्फाला बांध कशाला लागेल? मी एवढा वेळ बर्फ बघत होते आणि ती बाई अनवाणी होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकू हसायला लागल्या. शिरोड्याला त्यांच्या लहानपणी मिठागरं चालत. पायांना भेगा पडलेल्या बायका, भेगांत मीठ, आणि संध्याकाळी त्यांचे पाय बघवत नसत. त्या हे सांगत होत्या, आणि मला जपानी बाईच्या पायांची काळजी वाटू लागली. इतके आठवडे मीठ मोजून खाल्लेल्या बाईला नेमकी मिठाची मालिका मिळावी यावर काकूंनी मालवणीत एक शिवी घातली. ती मी इथे लिहीत नाही. त्या शिवीने उदयकाका जागे झाले आणि बायकोचा आवाज ओळखून समाधानाने पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी त्यांना मळमळू लागलं, गाल सुजले. होतं तसं. लिंबाच्या गोळ्या चघळायच्या, पाणी पीत राहायचं. काही नसतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी दारात मीटर धरून आकडा घेतला. काटा म्हणावा तितका उतरला नव्हता. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"दुखतंय?" मी इंटरकॉमवरून विचारलं.

"दुखतंय."

"आणखी काही?"

"भीती वाटतेय."

"मी बाकावर आहे," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही काही लावलं नाही. मालिका विचित्र जागी थांबली होती. त्या बाईचा भाऊ समुद्राकडचं दार, भरतीचं पाणी आत घ्यायचं ते लाकडी दार, उघडायला गेला होता आणि धुक्यातून परतला नव्हता. मी डबा खाल्ला, तशीच बसून राहिले. निघताना काकू म्हणाल्या, "तू पुढे बघू नकोस हं."

मी शाळेत असताना गणिताचं पुस्तक मिळालं की आधी मागची उत्तरं वाचत असे. खोलीवर गेल्यावर मी फोन हातात घेतला, बाजूला ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी तो घरमालकिणीकडे चार्जिंगला देऊन आले आणि म्हटलं, सकाळी घेईन.

सकाळी काकूंनी पहिलं तेच विचारलं.

"बघितलंस?"

"नाही."

"खरं?"

"मला त्याचं काय झालं ते खरंच माहीत नाही काकू."

"मग लाव. मी उठून बसते."

भाऊ परत आला होता. दार उघडायला गेला आणि धुक्यात तिथेच बसून राहिला होता, एवढंच. पण तो चौकटीत दिसेपर्यंत भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी श्वास घेतला नाही. मग काकूंनी मोठा उसासा सोडला आणि तो मला दोनदा ऐकू आल्यासारखा वाटला. दुसरा बहुधा माझा असावा.

काटा रेषेखाली गेला त्या दिवशी दार उघडलं. मालिकेचे काही भाग अजून राहिले होते. काकू अंघोळ करून, कपडे बदलून बाहेर आल्या. उदयकाका दोन हात लांब उभे राहिले, तसं सांगितलं होतं, आणि काय करावं न सुचून त्यांनी नमस्कार केला. काकूंनीही केला.

मग एकच गोष्ट उरली होती. शरीरात गेलेलं आयोडीन कुठे कुठे जाऊन बसलं आहे त्याचं चित्र. गळ्यातच आहे, की आणखी कुठे. सगळं त्यावर होतं, आणि ते इथे सर्वांना माहीत होतं. काकू गॅमा कॅमेऱ्याखाली आडव्या झाल्या. कॅमेरा डोक्याकडून पायांकडे अगदी हळू सरकतो, आणि पलीकडच्या खोलीतल्या मॉनिटरवर काळ्या ठिपक्यांनी माणूस उमटत जातो. मला हे बघायला फार आवडे. आजवर एकही स्कॅन मी सोडला नव्हता. टेक्निशियनने नेहमीप्रमाणे माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली.

मी दारातच उभी राहिले. मॉनिटर माझ्याकडे पाठ करून होता. टेक्निशियनच्या चष्म्यात त्याचं प्रतिबिंब पडायला लागलं तेव्हा मी बाहेर आले.

"चित्र बघत नाहीस?" आठल्येसरांनी विचारलं. ते आत चालले होते.

"नंतर बघते."

सर क्षणभर थांबले. मग आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं, नेहमीपेक्षा जरा जास्त.

आम्ही डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो. काकू मधल्या खुर्चीवर, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची मोकळी, एका टोकाला उदयकाका, एका टोकाला मी. टेक्निशियन कॉरिडॉरमधून गेला. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा मोह मला झाला, आणि मी जमिनीवरच्या फरशा बघितल्या. काकू माझ्याकडे बघत असाव्यात. मी मान वर केली तेव्हा त्या बघतच होत्या.

डॉक्टर शहापुरेंनी हाक मारली. आम्ही तिघं आत गेलो, अंतर ठेवून उभे राहिलो. डॉक्टरांनी टेबलावरचा मॉनिटर दोन्ही हातांनी धरून आमच्या बाजूला वळवला.

पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची एक बाई होती. हात अंगालगत, पाय जुळलेले. गळ्यापाशी दाट, पोटापाशी विरळ, आणखी एके ठिकाणी काहीतरी, आणखी एके ठिकाणी.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मीही आत्ताच बघतेय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पडद्याकडे तोंड केलं. डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, ते टोक गळ्यापाशी ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.